मदत हवी आहे : ओढ्यावर कचरा अडवायला जाळी कशी बांधायची?

मंडळी, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. म्हादई नदी आमच्याच देगावजवळ उगम पावते, पुढे मांडवी होऊन पणजीला समुद्रात जाते. म्हणजे आमच्या ओढ्यात टाकलेली कुरकुऱ्याची पिशवी गोव्याच्या किनाऱ्यावर! पणजीत घरोघरी कचरा वेगळा करून घेतात, आणि आम्ही वरून सोडतोय.

पावसाळ्यात धबधबे बघायला येणाऱ्यांचा कचरा जास्त, पण गावचाही आहे की.

गेल्या जूनमध्ये पोरांनी बांबूला मासेमारीची जुनी जाळी बांधून ओढ्यात आडवी लावली. दोन दिवस छान अडलं : बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटा, एक चप्पल. तिसऱ्या दिवशी मोठा पाऊस झाला, पालापाचोळा तुंबला आणि जाळी बांबूसकट गेली. कचऱ्यात आमचीच भर!

कुणी रिकाम्या कॅनचा तरंगता अडसर केलाय का? सरळ लावायचा की तिरका, कचरा काठाला यावा म्हणून? मासे, खेकडे अडकू नयेत.

दुसरं, बाटल्या भंगारवाला नेतो, चकचकीत पाकिटं नाही. गोव्यातली असली पाकिटं कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत भट्टीला जातात. आमची दोन-चार पोती कोण घेईल?