मदत हवी आहे : बंद डब्यात ठेवूनही जुन्या वस्तऱ्यांना गंज

मंडळी, जुन्या वस्तऱ्यांचा नाद असलेलं कुणी इथे असेल तर सांगा.

मी वेंगुर्ल्याचा, घर समुद्राला लागून. इंग्लंडमधल्या शेफील्डचे आणि जर्मनीतल्या सोलिंगेनचे मिळून पाच वस्तरे आहेत. दाढी त्यांनीच करतो, कारण कपाटात नुसती मांडलेली हत्यारं मला बघवत नाहीत. सगळ्यात लाडका सोलिंगेनचा. त्याच्यावर ‘जर्मनी’ कोरलंय. परदेशी मालावर देशाचं नाव घालायचा इंग्रजांचा कायदा १८८७ चा, म्हणजे हा त्यानंतरचा असावा. पातं दोन्ही अंगांनी इतकं खोल घासलेलं, की नखावर टेकवलं तर धार किंचित लवते. गालावरून फिरताना केस कापल्याचा आवाज ऐकू येतो. असं पातं आता सहज मिळत नाही हो.

मिरग लागला की दाढी झाल्यावर पुसून, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून, खोबरेल लावतो आणि सगळे एका घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. तरी यंदा लाडक्यावर आणि आणखी एकावर तांबूस ठिपके आले. लांबचे दोन स्वच्छ. पाचवा पिवळट, अर्धपारदर्शक मुठीचा, ठिपके आलेल्या दोघांच्या मध्ये होता. त्याची मूठ खिळ्यापाशी तडकलीय आणि डबा उघडला की कापराचा वास येतो. दमटपणाच असता तर सगळेच गंजले नसते का?

प्रतिसाद : कापराचा वास हीच खूण. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची आहे आणि ती कुजतेय. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. ते विघटू लागलं की आम्लधर्मी वायू सुटतात आणि शेजारचं पोलाद खातात. बंद डब्यात ते कोंडतात, म्हणून डबा घट्ट असून उपयोग नाही. तो वस्तरा आजच वेगळा करा, विस्तवापासूनही लांब ठेवा, सेल्युलॉइड भडकन पेटतं. मुठीचा मोह सोडा. खिळे घासून काढा, पातं वाचवा आणि शिसवीची मूठ करून घ्या. खोबरेल चिकट होतं, त्याऐवजी शिलाई मशीनचं तेल लावा. ठिपके पितळ चमकवायच्या पेस्टने हलक्या हाताने निघतील. धारेवर खड्डा दिसला तर मात्र आधी १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दाण्याच्या बारीकपणाचं माप) धार लावायच्या दगडावर, पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवूनच घासा. खड्ड्याचा फोटो टाका, किती घासावं लागेल ते सांगतो.