शनिवार-रविवारात अख्खं शहर: काय बघितलंत, काय खाल्लंत?

मनमोकळी
शेजारची मुलगी म्युनिकला शिकते. काल तिचा मेसेज, काकू शुक्रवारी रात्री लिस्बनला चाललोय, रविवारी रात्री परत, काय काय करू? उत्तर लिहायला बसले ते इतकं लांबलं की कणिक परातीत वाळली. म्हटलं इथेच टाकावं, बाकीच्यांचंही निघेल.

आम्ही गेलो तेव्हा जून होता, नवरा रॉटरडॅमला होता तेव्हाची गोष्ट. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून गेलो, तर पोचलो नेमके सेंट अँथनीच्या सणात, १२ जूनची रात्र. आल्फामा म्हणून टेकडीवरचा जुना भाग आहे, बोळ एवढे अरुंद की समोरून माणूस आला की आपण कुणाच्या तरी पायरीवर चढायचं. आणि जागोजागी दाराबाहेर शेगड्या पेटलेल्या, त्यावर अख्ख्या तारल्या, वर नुसतं जाडं मीठ. पावाच्या तुकड्यावर ठेवून हातात देतात, मासा संपला की खालचा तेल प्यायलेला पाव खायचा, खरी मजा त्यात. हळद-तिखट लागल्याशिवाय मासा शिजला असं न मानणाऱ्या घरातली मी, पण तीन वेळा मागून घेतला.

त्या दिवसांत तिथे बारीक पानांच्या, आपल्या तुळशीच्या जातीतल्या रोपाच्या कुंड्या विकतात, कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. मी सवयीने नाक खुपसायला गेले तर विकणारी आजी ओरडलीच. थेट हुंगायचं नाही म्हणे. रोपावरून तळवा फिरवायचा आणि मग तळव्याचा वास घ्यायचा.

बाकी २८ नंबरची ट्राम सकाळी लवकर पकडा, नाहीतर सुट्टी रांगेतच जाते. बेलें भागातलं १८३७ सालचं नातांचं, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या छोट्या टार्टांचं दुकान, तिथली बाहेरची रांग बहुतेक पार्सलवाल्यांची असते. सरळ आत जा, निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, जागा मिळते. दालचिनी आणि पिठीसाखर सढळ हाताने.

तुमचे येऊ द्या. पोळ्या करून येते.

रिकामटेकडा_पुणेकर
रुमाल टाकून ठेवतो.

कर्लीकाठची
तारल्या!!! काय आठवण काढलीस गं. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर बांगडा मिळेनासा झाला की... जाऊदे, विषय युरोपचा आहे.
आम्ही पण गेलेलो बेलेंला, त्या मोठ्या मठाच्या चर्चमध्ये आत शिरलं की वास्को द गामाची कबर आहे. मिस्टर मडगावचे. ते तिथे उभे राहून मोठ्याने म्हणाले, वास्को म्हणजे आमचं रेल्वे स्टेशन, हा इथे काय करतोय. मागे दोन गोवेकर निघाले, जोरात हसले, आणि मग अर्धा तास कोण कुठल्या वाड्यावरचं यातच गेला. संध्याकाळी त्यांच्याचबरोबर एका गोवन खानावळीत शाकुती खाल्ली. लिस्बनला जाऊन शाकुती, हसा आता.

मनमोकळी
@कर्लीकाठची, हसणार नाही, पत्ता दे :)

स्वदेशी_गोगलगाय
पोर्तुगालमध्ये एक लक्षात ठेवा, टेबलावर बसलं की न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात येतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही. आमचे सासरे 'अगत्य आहे हो या लोकांत' म्हणत दोन बास्केट संपवून बसले होते.

कोथरूडचीच
सासऱ्यांवरून, युरोपच्या शेंगेन व्हिसाला ज्येष्ठ नागरिकांना स्वतः जावं लागतं का हल्ली? आईंचा करायचाय.

रिकामटेकडा_पुणेकर
बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आत दिलेले असतील तर सहसा पुन्हा घेत नाहीत. पहिल्यांदाच असेल तर जावंच लागतं. वेगळा धागा काढा की पण.

घारू
बुडापेस्ट!! सेचेनीचे गरम पाण्याचे हौद, १९१३ची पिवळी राजवाड्यागत इमारत. आम्ही हिवाळ्यात गेलो, बाहेर शून्याखाली, पाण्यावर वाफ, आणि छातीपर्यंत पाण्यात उभे राहून आजोबालोक बुद्धिबळ खेळतायत, पट पाण्याच्या कडेला. सासूबाई आधी पोहण्याच्या कपड्यांवरून तयारच नव्हत्या, गुडघ्यापर्यंतच्या त्या ड्रेसवर राजी झाल्या, मग बाहेरच येईनात. दीड तासाने म्हणाल्या, आमच्या वज्रेश्वरीला हेच आहे, फक्त तिथे बुद्धिबळ नाही.
बाहेर आल्यावर लांगोश खाल्ला, तळलेली मोठी पुरी म्हणा, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. वेजवाल्यांची सोय, आणि त्या थंडीत गरम गरम!
हो आणि तिथली एक नंबरची मेट्रो १८९६ची आहे, छोटे छोटे डबे, स्टेशनवर पांढऱ्या टाइल्स, रस्त्याच्या अगदी खाली, थोड्या पायऱ्या उतरलं की फलाट. कागदी तिकीट असेल तर आत शिरताना मशीनमध्ये पंच करायचं विसरू नका, चेकर नेमके पर्यटकांनाच गाठतात.

मी_शाकाहारी
मी आपली वाचतेच आहे. माझ्या वाट्याला सगळीकडे मार्गारिटा पिझ्झा.

घारू
@मी_शाकाहारी, प्राग ला जा, तळलेलं चीज मिळतं, बटाटे आणि टार्टर सॉसबरोबर. दुसऱ्या दिवशी मात्र नको वाटतं.

नाशिकची_द्राक्षं
पॅरिसला मारे भागात रू दे रोझिए म्हणून गल्ली आहे, फलाफलची, म्हणजे हरभऱ्याच्या तळलेल्या वड्यांची दुकानं. तळलेलं वांगं, लाल कोबी, वर ताहिनी, पिटा फाटेपर्यंत भरतात. पण ज्यूंची दुकानं आहेत, बरीचशी शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार बंद. म्हणजे वीकेंडला जाणाऱ्याने रविवारीच जायचं. आम्ही शनिवारी दुपारी बंद शटरसमोर, पाऊस, आणि लेक म्हणतेय आई मेतकूट आहे का. होतं! हॉटेलच्या किटलीतल्या पाण्यात इन्स्टंट भात भिजवून मेतकूट-भात खाल्ला, आयफेल टॉवर खिडकीतून दिसत नव्हता, समोर लाँड्री होती.

कोथरूडचीच
किटलीत भात?? कसा, सविस्तर सांगा.

नाशिकची_द्राक्षं
किटलीत नाही गं, डब्यात! वरून उकळतं पाणी, झाकण, पंधरा मिनिटं. पोहे पण असेच होतात. शेंगदाण्याची चटणी सोबत असली की झालं.

स्वदेशी_गोगलगाय
एवढे पैसे खर्चून जायचं आणि पोहे खायचे. असो.

नाशिकची_द्राक्षं
@स्वदेशी_गोगलगाय, चार वर्षांचं मूल घेऊन फिरा एकदा, मग बोलू.

अरुण_काका
भांडू नका. रोमचं सांगतो. मी आणि ही, निवृत्तीनंतर, मुलगा मिलानला असतो. पँथिऑनमध्ये होतो आणि पाऊस आला. घुमटाला मधोमध भोक आहे, झाकण वगैरे काही नाही, सरळ धार आत. सगळे फोन काढून उभे, गार्डने मधला भाग दोरी लावून बंद केला. फरशीला मध्ये अगदी किंचित उंचवटा आहे आणि बारीक भोकं पाडलेली आहेत, पाणी त्यातून निघून जातं. १९०० वर्षं हे चालू आहे. स्थापत्याचा माणूस असल्याने मी वर कमी आणि खाली जास्त बघत होतो, ही वैतागली.
कॉफी उभ्याने प्यावी, काउंटरवर. बसलात की तीच कॉफी दुप्पट. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्त्यात लोखंडी नळ आहेत, नाकासारखी तोटी, अखंड वाहतात, गार पाणी. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या छिद्रातून कारंजं उडतं, त्याला तोंड लावायचं. हे मला एका सातआठ वर्षांच्या मुलाने शिकवलं. हिचा पदर भिजला.
ज्या हॉटेलबाहेर फोटोंचा मेनू आणि बोलावणारा माणूस असेल तिथे जाऊ नये एवढंच. आम्ही गेलो. बिलाचं सांगत नाही.

घारू
काका __/\__ पदर भिजला हाहा

चिमुकली_चकली
ब्रसेल्सचा तो शू करणाऱ्या मुलाचा पुतळा बघायला आम्ही भर उन्हात चालत गेलो, गर्दी बघून वाटलं केवढं काय असेल. फूट-दोन फुटांचा! नवरा म्हणाला, हाच का, की मोठा कुठे दुसरीकडे आहे. पण त्याचे हजारावर पोशाख आहेत म्हणे आणि त्यांचं म्युझियम पण आहे. कागदी कोनातले फ्राईज मात्र एक नंबर, दोनदा तळतात. बाळ उठलं, नंतर लिहिते.

रिकामटेकडा_पुणेकर
पोलंडमधल्या क्राकोला गेलंय का कोणी? पुढच्या महिन्यात ऑफिसचं काम आहे, शनिवार-रविवार हाताशी आहे. मी वेज, अंडं चालतं.

अरुण_काका
जावे. पिएरोगी म्हणजे त्यांच्या उकडलेल्या करंज्या, त्यात 'रुस्किए' मागा, बटाटा आणि चीजचं सारण. पण वरून कांद्याबरोबर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात कधीकधी, ते नको म्हणून आधीच सांगणे. व्येलिच्काची मिठाची खाण जवळच आहे, आत मिठात कोरलेलं अख्खं चर्च आहे, झुंबरंसुद्धा मिठाची. खाली उतरायला तीनशेच्या वर पायऱ्या, वर यायला लिफ्ट. गुडघे कसे आहेत?

रिकामटेकडा_पुणेकर
काका मी ३४ वर्षांचा आहे.

अरुण_काका
मग काही प्रश्न नाही. भिंत चाटू नका, सगळे चाटतात.