शब्दचर्चा : एलपारचा ‘हिस्सा’ आणि डिस्कची ‘वहिवाट’

शहापूर, बेळगाव : आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवरच्या एलपारला (एकाच यंत्राच्या, स्वतंत्र सर्व्हरसारख्या चालणाऱ्या भागाला) मराठीत ‘विभाजन’ लिहितात, डिस्कच्या पार्टिशनलाही विभाजनच. एलपारला ‘वाटणी’ म्हटलं तर चालेल काय?

निपाणी : वाटणी नको. वाटणी झाली की ज्याचं त्याच्या नावावर होतं. इथं खरी डिस्क आणि फायबर कार्ड व्हीआयओएसच्या (डिस्का-कार्डं सांभाळून बाकीच्यांना वापरायला देणाऱ्या खास एलपारच्या) नावावर राहतात, एलपार फक्त वापरतं. म्हणून एलपार म्हणजे ‘हिस्सा’ (उताऱ्यावर कन्नडातही हिस्साच आहे की) आणि डिस्कची ‘वहिवाट’. पहाणीत (कर्नाटकातल्या सातबाऱ्यात) मालकाचा रकाना वेगळा, कसणाऱ्याचा वेगळा, तसंच.
जोडणी अशी: व्हीआयओएसवर सर्व्हर अडॅप्टर, एलपारमध्ये क्लायंट अडॅप्टर, दोन्हींत एकमेकांचे स्लॉट नंबर. मग व्हीआयओएसवर ‘एमकेव्हीडेव्ह’ या कमांडने एचडिस्क (खरी डिस्क) व्हीहोस्टला (त्या सर्व्हर अडॅप्टरला) बांधायची, एलपारच्या एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवी उपकरणं शोधणारी ‘सीएफजीएमजीआर’ कमांड चालवायची. स्लॉट चुकला तर डिस्क दिसतच नाही, आणि माणूस उगाच सॅन (डिस्कांचं नेटवर्क) धुंडाळत बसतो.

खानापूर : ‘रिझर्व्ह’चं ‘राखीव’ करू नका. राखीव म्हटलं की बाजूला ठेवलेली जागा वाटते. इथं अर्थ ‘ताबा’. एकच लन (सॅनवरून मिळालेली डिस्क) दोन व्हीआयओएसमधून द्यायचा आणि रिझर्व्ह पॉलिसी ‘सिंगल पाथ’ असेल, तर जो आधी उघडेल त्याचा ताबा; दुसऱ्याला डिस्क उघडता येत नाही. दोन्हीकडे ‘नो रिझर्व्ह’ करा, तेही बांधायच्या आधी. नंतर गेलात तर डिस्क बिझी म्हणून नकार.

शहापूर, बेळगाव : ‘ताबा’ पटला. ‘क्यू डेप्थ’ला (डिस्ककडे एका वेळी किती मागण्या पाठवायच्या त्या आकड्याला) ‘रांगेची खोली’ कुणी केलंय देव जाणे!

निपाणी : विहीर आहे होय ती? ‘रांगेची लांबी’ म्हणा. वर सांगितलेल्या क्लायंट अडॅप्टरकडे (व्हीस्कझी) मागण्यांसाठी 512 जागा. 2 त्याच्या स्वतःच्या, दर डिस्कमागे 3 चूक निस्तरायला. लांबी 3 ठेवली तर 510 भागिले 6, म्हणजे 85 डिस्का. 20 केली की 510 भागिले 23, फक्त 22. आणि एलपारमधली लांबी मूळ डिस्कच्या लांबीपेक्षा जास्त ठेवून उपयोग नाही, तुंबायचं ते व्हीआयओएसवर तुंबतंच.

खानापूर : ‘सामाईक’ मात्र शेअर्ड स्टोरेज पूललाच (अनेक व्हीआयओएस मिळून वापरतात त्या डिस्कसाठ्याला) शोभतो, सामाईक विहिरीसारखा. त्यातलं ‘थिन’ म्हणजे ‘पातळ’ नव्हे, ‘लागेल तशी’. 500 जीबीच्या पूलमधून दहा एलपारना 100-100 जीबी दाखवता येतात, प्रत्येकाला आपली डिस्क पुरी दिसते. पूल भरला की एलपारमध्ये जागा शिल्लक दिसत असतानाच लिहिणं अडतं. ‘अलर्ट’चा उंबरठा पहिल्याच दिवशी लावा.

शहापूर, बेळगाव : हिस्सा, वहिवाट, ताबा, सामाईक घेतले. ‘आभासी डिस्क’ राहिलं; आत खरा डेटा असताना आभास कसला?