डीकोडचं फंक्शन लिहिताना

ओरॅकल डेटाबेसमधलं डीकोड (एक मूल्य एकेका पर्यायाशी ताडून, जुळेल त्याचा निकाल देणारं फंक्शन) पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये स्वतःच्या फंक्शनने आणायचं असेल, तर या गोष्टी ध्यानात ठेवा. डीकोड दोन नल (मूल्य नसलेल्या जागा) समान धरतं, साधं '=' धरत नाही, म्हणून तुलनेला 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' वापरा. आणि फंक्शनला स्ट्रिक्ट हा पर्याय लावू नका; एक आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेलं मूल्य) नल आलं की ते आत न शिरताच नल देतं.

खरी गोची वेगळीच आहे. पीएलपीजीएसक्यूएल (पोस्टग्रेसमध्ये फंक्शन लिहायची भाषा) फंक्शन चालण्याआधी सगळी आर्ग्युमेंट्स मोजली जातात. 'नग 0 असेल तर 0, नाहीतर रक्कम भागिले नग' असं या फंक्शनने लिहिलंत, की नग 0 असलेल्या पहिल्याच ओळीला शून्याने भागल्याची एरर. त्याऐवजी केस (एसक्यूएलमधली 'असं असेल तर हे, नाहीतर ते' ही रचना) लिहिलं तर तो भागाकार होतच नाही. क्वेऱ्या मोजक्याच असतील तर मी सरळ केसच लिहीन. (डीकोड हे नावही पोस्टग्रेसमध्ये आधीच घेतलेलं आहे, बेस64 वगैरे मजकूर-रूपात लिहिलेला डेटा उलगडायला.)