वेग ९४ वरच अडकतोय? आधी केबल बघा

एकाची तक्रार आहे की दोन ऑफिसांमधली लिंक २०० एमबीपीएसची, पण स्पीडटेस्ट ९४ च्या वर जातच नाही, म्हणजे प्रोव्हायडर फसवतोय. थांबा जरा. हा ९४ ओळखीचा आहे: १०० एमबीपीएसच्या पोर्टवर (जिथे केबल लावतो ती जागा) हेडर, म्हणजे प्रत्येक पॅकेटवरची पत्त्यासारखी माहिती, वगैरे वजा जाता टीसीपीला (डेटाची पोच घेत पाठवायची पद्धत) साधारण तेवढंच उरतं. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. क्रिम्प करताना (केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना) एखादी तार नीट बसली नसेल तर पोर्ट गुपचूप १०० वर उतरतो. लिनक्सवरच्या ईथटूल कमांडने बघा, लगेच कळेल.

शिवाय स्पीडटेस्टची साइट तुमची ऑफिस-टू-ऑफिस लिंक मोजतच नाही, ती मोजते इंटरनेटचा रस्ता. दोन्ही टोकांना आयपर्फ३ हे वेग मोजायचं टूल चालवा (फायरवॉलमध्ये त्याचा ५२०१ क्रमांकाचा पोर्ट उघडा), तेही वायरवर, वायफायवर नको. आधी एक स्ट्रीम (एकच कनेक्शन), मग एकाच वेळी आठ. एकात कमी आणि आठांत पूर्ण वेग आला तर लिंक बहुधा ठीक, टीसीपी विंडो (पोच येण्याआधी किती डेटा पाठवायचा ती मर्यादा) तोकडी पडतेय. उलट दिशाही तपासा. आणि आयपर्फ३ ला यूडीपी (पोच न घेता डेटा पाठवायची पद्धत) लावलंत तर वेग स्वतः सांगा. नाहीतर ते मुकाट्याने १ एमबीपीएसच पाठवतं आणि लोक लिंकच्या नावाने खडे फोडत बसतात.