प्रतिसाद: पालक सभेला येत नाहीत, पण त्यांना सांगतो काय आपण?

वर कुणीतरी लिहिलंय की सरकारी शाळेतल्या पालकांना आस्थाच नाही, सभेला दहा डोकीही जमत नाहीत. अर्धंच पटलं. सभा कामाच्या दिवशी भर दुपारी असते. रोजंदारी बुडवून कोण येणार? आणि सूचना कशी, तर ‘उद्या सभा, उपस्थिती अनिवार्य’. कशासाठी, ते नाही. ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळलेली सापडते, तीही सभा उरकल्यावर.

माझ्या मुलीच्या बाई मात्र शुक्रवारी दोन ओळींचा मेसेज टाकायच्या: “या आठवड्यात अपूर्णांक घेतले. घरी विचारा, अर्धा आणि पाव मिळून किती?” फारसं न शिकलेली आजीसुद्धा विचारायची! (गटावर शुभ सकाळची फुलं मात्र बंद करायला हवीत, त्यात कामाचं बुडतं.)

अमेरिकेतल्या शिक्षण-अभ्यासक जॉइस एप्स्टीन यांनी पालक-सहभागाचे सहा प्रकार मांडलेत. घरी अभ्यासात साथ देणं त्यातच येतं आणि शाळेच्या निर्णयांत वाटा असणंही. आपल्याकडे निर्णय आधी होतो, पालकांची फक्त सही घेतात. निदान खर्चाचा हिशेब तरी फलकावर लावा, मग बघा किती जण थांबून वाचतात.