नवख्याला काय उत्तर मिळतं ते आधी बघा

दादा, नवीन माणसानं काही विचारलं की टोमणेच मिळतात, आपुलकीनं सांगणारी माणसं ऑनलाइन कुठं भेटतील, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, सदस्य किती आहेत ते बघूच नका. नवख्यांच्या पहिल्या प्रश्नांना काय उत्तरं मिळालीत ती वाचा.

आमच्या कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एका पोरानं पिवळ्या पडलेल्या उसाचा फोटो टाकला. दोघातिघांनी लगेच औषधांची नावं ठोकून दिली. एका जाणत्या काकांनी मात्र उलट विचारलं, "बाळा, कोवळी पानं पिवळी पडलीत की खालची जुनी? शिरा हिरव्या आहेत का?" कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी, जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुतेक नत्र. असं उलट विचारणारं माणूस जिथं दिसेल, तिथं मुक्काम करा.

मराठीत गप्पा आणि चर्चेची संकेतस्थळं आहेत, १९९६ पासूनची मायबोली आहे, मिसळपाव आहे. नाव न नोंदवताही बरंच वाचता येतं. प्रोग्रामिंगसाठी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ चांगलं, पण तिथं गप्पा चालत नाहीत आणि आधी येऊन गेलेला प्रश्न बंद करतात. तो अपमान समजू नका, तिथली रीतच तशी आहे.

विचारताना आधी काय करून पाहिलंत तेही लिहा. आणि गुण आला की परत येऊन सांगा, मागून येणाऱ्याला त्याचाच आधार होतो.

तुमची अडचण नेमकी कशाची आहे? शेतीची असेल तर इथंच टाका.